कळ थांबली, पण डोकं ठणकतंय : अंजायनाच्या गोळ्यांचा त्रास कुठून येतो

"वहिनी, ही गोळी मला सोसत नाही. दुसरी द्या."

कराडच्या आमच्या मेडिकलमध्ये हे वाक्य मी २२ वर्षं ऐकते आहे. बोलणाऱ्याच्या हातात बहुधा अर्धी संपलेली पट्टी असते. उरलेली अर्धी कधीपासून तशीच पडून आहे, असं विचारलं की खरं बाहेर येतं. "पंधरा दिवस झाले, बंदच केली." डॉक्टरांना सांगितलं का? "नाही, ते रागावतील."

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. कुणाची कोणती गोळी बदलायची हे मी ठरवू शकत नाही, आणि हा लेख वाचून तुम्हीही ते परस्पर ठरवू नका. पण गोळीने त्रास का होतो, कोणता त्रास आठवड्याभरात आपोआप ओसरतो आणि कोणता एक दिवसही अंगावर काढायचा नाही, एवढं उलगडून सांगितलं की माणसं गोळ्या गुपचूप बंद करत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आणि छातीच्या औषधांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त नुकसान मी या गुपचूप बंद करण्यानेच झालेलं पाहिलं आहे.

आधी अंजायना म्हणजे काय ते थोडक्यात. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतंच. ते त्याच्या अंगावरून जाणाऱ्या बारीक धमन्यांतून मिळतं. त्यांच्यात चरबीचा थर साठून वाट अरुंद झाली, तरी बसल्या जागी भागून जातं. जिना चढताना, जड पिशवी उचलताना, भरल्या पोटी चालताना, भांडणाच्या भरात हृदयाची मागणी वाढते आणि पुरवठा मात्र तेवढाच राहतो. मग छातीत भरून येतं, दगड ठेवल्यासारखं होतं, कळ डाव्या हातात नाहीतर जबड्यात उतरते. थांबलं, बसलं की काही मिनिटांत जाते. विल्यम हेबरडेन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी १७६८ साली या दुखण्याचं वर्णन केलं, तेव्हाही त्यांनी हेच टिपलं होतं की कळ चालताना येते, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर. बायकांमध्ये कधी कधी छातीत फारसं दुखतच नाही. नुसती धाप लागते, गळून जायला होतं, आणि "ॲसिडिटी असेल" म्हणून महिनोन् महिने निघून जातात.

औषधांनी दोनच गोष्टी करता येतात. हृदयाचं काम हलकं करायचं, नाहीतर नसा सैल करून रक्ताची वाट मोकळी करायची. गोळीला पत्ता माहीत नसतो, ही खरी अडचण. ती पोटातून रक्तात उतरते आणि रक्त जाईल तिथे जाते. हृदयाची नस सैल करणारं औषध डोक्यातली नसही सैल करतं, पायातलीही करतं. आपण ज्याला साईड इफेक्ट म्हणतो, तो बऱ्याच वेळा गोळीचा मूळ गुणच असतो, फक्त नको त्या जागी दिसलेला. "गोळी उष्ण पडली" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण उष्ण-थंड यात काही नसतं.

डोकं ठणकतं ते का

सगळ्यांत ओळखीची गोळी जिभेखालची. सॉर्बिट्रेट हे नाव तर आपल्याकडे घराघरात माहीत आहे. तिच्याच कुळातल्या, दिवसभर काम करणाऱ्या गोळ्याही असतात. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट किंवा नायट्रोग्लिसरीनच्या सावकाश विरघळणाऱ्या. या कुळाला नायट्रेट म्हणतात, आणि डोकेदुखी हा त्याचा जन्मजात गुण आहे.

जन्मजात म्हणते ते अगदी शब्दशः. नायट्रोग्लिसरीन १८४७ साली इटलीच्या अस्कानिओ सोब्रेरो यांनी पहिल्यांदा तयार केलं आणि त्याचा कण जिभेवर ठेवून पाहिला. डोकं भयंकर ठणकलं, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. पुढे लंडनमध्ये विल्यम मरेल या डॉक्टरांनी त्याचा अगदी पातळ द्राव हाताळताना बाटलीचं ओलं बूच जिभेला लावलं. डोक्यात घण पडावेत तसे ठोके सुरू झाले, नाडी उसळली. मरेलना वाटलं, ज्या औषधाने नसा एवढ्या उघडतात ते छातीच्या कळेवर चालायला हवं. त्यांनी ते आधी स्वतःवर पुन्हा पुन्हा घेऊन पाहिलं, मग रुग्णांना दिलं आणि १८७९ साली त्यावर लिहिलं. म्हणजे या औषधाचा शोधच त्याच्या साईड इफेक्टमधून लागला. याच नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवणारे आल्फ्रेड नोबेल आयुष्याच्या अखेरीला हृदयाने आजारी पडले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना हेच औषध लिहून दिलं होतं. ते नसा नेमक्या कशा सैल करतं हे कळायला पुढची शंभर वर्षं गेली. या औषधातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो आणि तो नसेच्या भिंतीतल्या स्नायूला सैल पडायला लावतो. त्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं.

एवढं सगळं मी काउंटरवर सांगत नाही. पण पहिल्यांदा मोनोनायट्रेट नेणाऱ्याला एक गोष्ट न चुकता सांगते: "काका, पहिला आठवडाभर डोकं दुखेल. दुखलं म्हणजे गोळी लागू पडतेय असं समजा." बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत कमी होतं. साधी पॅरासिटामॉल चालते का, ते डॉक्टरांना विचारून ठेवावं. डोकं फारच धरलं तर डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवतात. या डोकेदुखीवर दुकानातून कुठलीही "पेनकिलर" घेऊ नका, एवढं मात्र माझं ऐका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या हृदयाच्या पेशंटला परस्पर द्यायच्या नसतात. त्या हृदयाचा धोका वाढवतात.

डोकेदुखीसोबत चेहरा लाल होतो, कानशिलं तापतात. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, कारण सैल झालेल्या नसांत रक्त पायाकडे उतरतं आणि बीपी घसरतं. म्हणून जिभेखालची गोळी बसून घ्यायची. उभ्याने घेतली की कळ जायच्या आधी माणूसच खाली येतो. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी देवघरापुढे उभं राहून गोळी ठेवली आणि तिथेच कोसळल्या. कपाळाला चार टाके पडले. गोळीचा दोष नव्हता. बसून घ्या, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी गोळी दुपारी तीनला का?

हा प्रश्न मला आठवड्याला एकदा तरी येतो. चिठ्ठीवर मोनोनायट्रेट सकाळी ८ आणि दुपारी ३ असं लिहिलेलं असतं. माणसं म्हणतात, दिवसातून दोनदा म्हणजे सकाळ-रात्र, डॉक्टरांकडून चुकून लिहिलं गेलं असणार. आणि आपली आपण ती रात्री जेवणानंतर घेऊ लागतात.

ते चुकून लिहिलेलं नसतं. डायनामाइटच्या कारखान्यांत कामगारांच्या श्वासातून आणि कातडीतून नायट्रोग्लिसरीन अंगात जायचं. सोमवारी कामावर आले की डोकं फुटायची वेळ. मंगळवार-बुधवारपर्यंत अंगाला सवय व्हायची आणि दुखणं थांबायचं. शनिवार-रविवार सुट्टी झाली की सवय मोडायची, आणि सोमवारी पुन्हा तेच. "सोमवारची डोकेदुखी" असंच नाव पडलं होतं तिला.

गोळीचंही तसंच आहे. औषध चोवीस तास अंगात राहिलं की शरीराला त्याची सवय होते आणि ते काम करेनासं होतं. म्हणून रोज १० ते १४ तास अंग औषधाविना ठेवावं लागतं. ज्यांना कळ दिवसा कामाच्या वेळी येते, त्यांना ही मोकळीक रात्री दिली जाते. दुसरी गोळी रात्री नऊला घेणाऱ्याला डोकेदुखी होत नाही आणि तो खूश असतो. पण डोकेदुखीबरोबर गोळीचा गुणही गेलेला असतो.

या कुळाबद्दल आणखी एक गोष्ट, जी माणसं दुकानात कुजबुजत विचारतात किंवा विचारतच नाहीत. नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिल, टाडालाफिल यांसारख्या, पुरुष अंथरुणातल्या ताकदीसाठी घेतात त्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. दोन्ही औषधं एकाच वाटेने नसा सैल करतात, एकत्र आली की बीपी इतकं कोसळतं की जीव जाऊ शकतो. ज्याने अशी गोळी घेतली आहे आणि त्याच्या छातीत दुखू लागलं, त्याने जिभेखालची गोळी ठेवायची नाही. सिल्डेनाफिलनंतर २४ तास, टाडालाफिलनंतर ४८ तास. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगायचं. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि ती खिशातली पट्टी. पन्नाशीनंतरच्या किती तरी माणसांच्या शर्टाच्या खिशात जिभेखालच्या दोन गोळ्यांचा कापलेला तुकडा असतो. एकदा मी एका गुरुजींना तो काढून दाखवायला सांगितलं. शर्टासोबत दोन-तीनदा धुतलेला, फॉइल सुटलेली, आत ओलसर भुगा. मुदतीची तारीख पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, ते टोक दुकानातच राहिलेलं. पट्टी कापून देण्याची आम्हा दुकानदारांची सवय यात आहे, हे मी मान्य करते. त्या दिवसापासून जिभेखालची गोळी मी तारखेचं टोक सोडून कापत नाही. नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या काचेच्या बाटलीत येत असतील तर त्या बाटलीतच ठेवा. हवेवर आणि प्लॅस्टिकच्या डबीत त्यांचा गुण उडून जातो.

सासूबाईंची जोडवी

दुसरं कुळ कॅल्शियम रोखणाऱ्या गोळ्यांचं. त्यातली ॲम्लोडिपिन सगळ्यांच्या ओळखीची, बीपीलाही तीच देतात. नसेच्या भिंतीतला स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं, ही गोळी ते आत जाऊ देत नाही. (हाडांच्या कॅल्शियमशी याचा संबंध नाही. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की सांगून टाकते.)

माझ्या सासूबाईंना ही गोळी होती. ५ वरून १० मिलिग्रॅम झाली, छातीतली कळ गेली, बीपी छान उतरलं. तीन-चार आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "जोडवी रुततायत गं." मी लक्ष दिलं नाही. मग चपलेचा पट्टा आवळायला लागला. एका संध्याकाळी त्या पाय लांब करून बसल्या होत्या, मी घोट्याच्या वर अंगठा दाबला तर तिथे वाटाणा बसेल एवढा खळगा पडला आणि मिनिटभर तसाच राहिला.

पुढे जे झालं ते फार घरांत होतं, म्हणून लिहिते आहे. एका डॉक्टरांना पाय दाखवले. त्यांनी सुजेसाठी "पाण्याची गोळी" दिली, म्हणजे लघवी वाढवणारी. सूज होती तेवढीच राहिली. सासूबाई रात्री तीन-तीनदा उठू लागल्या, अशक्तपणा आला, पायांत गोळे येऊ लागले. गोळे येतात म्हणून आणखी एक गोळी आली. एका त्रासावर गोळी, त्या गोळीच्या त्रासावर दुसरी. मी याच धंद्यात असून मला हे कळायला दोन महिने लागले, याचं मला आजही वाईट वाटतं.

ॲम्लोडिपिनची सूज अंगात पाणी जास्त झाल्यामुळे येत नाही. या गोळीने रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या उघडतात, रक्त परत नेणाऱ्या शिरा मात्र तेवढ्या उघडत नाहीत. आणणारा पाट रुंद, नेणारी मोरी अरुंद. दाब वाढून पाणी आजूबाजूला झिरपतं, आणि उभ्या माणसात ते घोट्याशी साचतं. लघवीच्या गोळीने ते म्हणावं तसं हटत नाही. मात्रा जास्त तेवढी सूज जास्त. नंतर त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी मात्रा पुन्हा निम्मी केली, जोडीला दुसऱ्या कुळातली गोळी दिली, आणि पंधरा दिवसांत जोडवी सैल झाली.

पण पाय सुजले की दर वेळी ॲम्लोडिपिनच कारण असतं असं नाही. झोपल्यावर धाप लागत असेल, वजन चार दिवसांत दोन-तीन किलोंनी वाढलं असेल, किंवा एकच पाय सुजून दुखत असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. याच कुळातल्या व्हेरापामिलने बद्धकोष्ठ फार होतं, आणि ॲम्लोडिपिनने क्वचित हिरड्या वाढतात. दाताच्या डॉक्टरकडे जाताना औषधांची यादी न्यावी ती यासाठी.

अंगातला जीव गेल्यासारखं वाटतं

तिसरं कुळ बीटा ब्लॉकर. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, नेबिव्होलॉल. नावाच्या शेवटी "लॉल" दिसलं की बहुधा हे कुळ समजावं. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात उलटा विचार केला. सगळे हृदयाला जास्त रक्त कसं मिळेल ते बघत होते. ब्लॅक म्हणाले, हृदयाची मागणीच कमी केली तर? ॲड्रेनालिनचा आदेश हृदयाला कमी ऐकू जाईल, असं औषध त्यांनी केलं. ते प्रोप्रानोलॉल, आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. नाडी हळू चालली की हृदयाला दुहेरी फायदा होतो. काम कमी होतं, आणि दोन ठोक्यांमधली उसंत वाढते. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला बरंचसं रक्त त्या उसंतीतच मिळतं.

त्रासही त्याच आदेशाशी जोडलेला. अंगात उत्साह नाही, पाय जड, दोन जिने चढलं की बसावंसं वाटतं. थंडीत हातापायाची बोटं गार पडतात. काहींना विचित्र, रंगीत, खरीखुरी वाटणारी स्वप्नं पडतात. पुरुषांना अंथरुणातली अडचण येते आणि ते बायकोलाही सांगत नाहीत. दमेकऱ्याची छाती घरघरू शकते, म्हणून दमा असेल तर आधी सांगायचं. साखरेच्या पेशंटला आणखी एक जपायचं असतं. साखर घसरली की हात थरथरणं, धडधडणं ही सूचना मिळते, ती या गोळीत दबते. घाम मात्र येतो. तेव्हा कारण नसताना दरदरून घाम फुटला तर साखर तपासा.

हे थकणं खरं असतं. "वय झालं" म्हणून त्याची बोळवण करू नये. मात्रा कमी होऊ शकते, कुळातली दुसरी गोळी मिळू शकते, कधी वेळ बदलूनही फरक पडतो. पण हे सगळं डॉक्टरांनी करायचं, आणि टप्प्याटप्प्याने.

कारण सांगते. आमचे एक माळकरी काका दरवर्षी आळंदीहून पायी वारी करतात. मेटोप्रोलॉलने चालताना दम निघतो म्हणून त्यांनी निघायच्या दोन दिवस आधी ती परस्पर सोडली. पहिले दोन-तीन दिवस अंगात वारं भरल्यासारखं वाटलं, असं ते सांगतात. पुण्याहून पालखी सासवडकडे निघाली, दिवे घाटाच्या चढाला लागली, आणि अर्ध्या घाटात छाती आवळली. जिभेखालची गोळी ठेवूनही कळ जाईना. दिंडीतल्या पोरांनी त्यांना गर्दीतून उचलून ॲम्ब्युलन्सपर्यंत नेलं. वाचले. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली.

घाट नेहमीचाच होता, काकाही नेहमीचेच. मग झालं काय? बीटा ब्लॉकर चालू असताना हृदयाच्या पेशींना ॲड्रेनालिनचा आदेश पुसट ऐकू येतो, म्हणून त्या जणू ऐकायचे कान वाढवून ठेवतात. गोळी अचानक थांबली की ते सगळे वाढलेले कान एकदम उघडे पडतात. साध्या चढाचा आदेशही मग हृदयाला किंकाळीसारखा ऐकू येतो. म्हणून ही गोळी थांबवायचीच झाली तर डॉक्टर ती आठवडा-दोन आठवडे हळूहळू उतरवतात. लग्नाला गावी गेलो, गोळ्या घरी राहिल्या, चार दिवसांनी काय होतंय, असं म्हणणाऱ्यांना मी ही दिवे घाटाची गोष्ट सांगते.

ज्या गोळ्यांवर कुणाचा संशयच जात नाही

वरचे त्रास निदान लगेच कळतात. खरी फसगत पुढच्या औषधांत होते, कारण त्रास छातीपासून इतका लांब असतो की तो या गोळीचा असेल असं मनातही येत नाही.

उदाहरणार्थ निकोरँडिल, अंजायनाचीच एक गोळी. एक ताई सहा महिने तोंड आल्याने बेजार होत्या. हळद-तूप झालं, बी कॉम्प्लेक्स झालं, तिखट बंद झालं, तीन वेगवेगळे मलम झाले. जिभेच्या कडेला खोल, पांढुरके व्रण, भाकरीचा घास फिरवता येईना. औषधांची पूर्ण यादी एका जागी मांडली तेव्हा निकोरँडिल दिसली. तिने तोंडात, आतड्यात, गुदद्वाराशी, कातडीवरही व्रण होऊ शकतात, आणि असे व्रण गोळी थांबवल्याशिवाय सहसा भरत नाहीत. डॉक्टरांनी ती बदलून दिली. महिन्या-दीड महिन्याने ताई दुकानात येऊन म्हणाल्या, "काल ठेचा खाल्ला!"

इव्हाब्रॅडिन नाडी हळू करते, आणि डोळ्यांपुढे उजेड चमकवते. हृदयातली विजेची जी वाट ती रोखते, तशाच वाटा डोळ्याच्या पडद्यातही असतात. चाचण्यांमध्ये १०० पैकी साधारण १४-१५ जणांना हे झालं होतं. अंधारातून अचानक उजेडात आलं की झगमग दिसते, दिव्याभोवती वलयं दिसतात. बहुधा पहिल्या दोन महिन्यांत होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. पण रात्री गाडी चालवणाऱ्याने हे आधी सांगायला हवं. समोरून हेडलाइट अंगावर येत असताना ही झगमग परवडणारी नाही.

रॅनोलाझिनने पोट साफ होत नाही, मळमळतं, चक्कर येते. साखरेची मेटफॉर्मिन सोबत असेल तर मेटफॉर्मिनची मात्रा डॉक्टरांना बघावी लागते, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही अँटिबायोटिकशी तिचं जुळत नाही. म्हणून घसा धरला म्हणून गेलेल्या डॉक्टरांनाही ही गोळी दाखवायची.

ट्रायमेटाझिडिनबद्दल मला जरा जास्त कळकळीने सांगायचं आहे. आपल्याकडे ती बरीच दिली जाते, वर्षानुवर्षं चालू राहते. काही जणांत तिने हात थरथरणं, अंग ताठरणं, पावलं घासत चालणं असा कंपवातासारखा त्रास होतो. युरोपच्या औषध नियंत्रक संस्थेने २०१२ साली तिच्या वापरावर यासाठीच बंधनं आणली, आणि कंपवात असणाऱ्याला ती देऊ नये असं स्पष्ट केलं. दिलासा एवढाच, की थांबवल्यावर हा त्रास बहुतेकांचा काही महिन्यांत जातो. घरात आजोबांच्या कपातला चहा बशीत सांडायला लागला, सही वेडीवाकडी होऊ लागली, तर म्हातारपण म्हणून सोडून देण्याआधी पट्ट्यांवरची नावं एकदा वाचा आणि डॉक्टरांपुढे ठेवा.

आणि ज्या गोळ्या कळ थांबवत नाहीत, तरी रोज असतात

अंजायनाच्या चिठ्ठीत ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी असतेच. ॲस्पिरिनने पोटात जळजळ होते. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर मात्र ते पोटातलं रक्त असू शकतं, लगेच दाखवायचं. रामिप्रिल ही बीपीची गोळी चालू असेल आणि कोरडा खोकला थांबत नसेल, तर खोकल्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका. गोळीचा खोकला बाटलीने जात नाही.

कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने अंग दुखतं, ही तक्रार फार आहे. लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली. वर्षाच्या १२ महिन्यांसाठी १२ बाटल्या दिल्या. चारांत स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्याचा ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही झाला. नंतर त्यांतल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली. याचा अर्थ माणसं खोटं बोलत होती असा मुळीच नाही. दुखत होतंच. गोळी बाधेल ही धास्ती शरीरात खरं दुखणं उभं करते, एवढं त्यातून कळलं. तरीही स्नायू फार दुखत असतील, लघवी गडद तपकिरी होत असेल, तर तपासणी लगेच करायची, कारण क्वचित स्नायूंना खरोखर इजा होते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. काही गोष्टी साईड इफेक्ट नसतातच. कळ बसल्या जागी येऊ लागली, पूर्वीपेक्षा कमी चालण्यावर येऊ लागली, किंवा बसून जिभेखाली गोळी ठेवून पाच मिनिटांत ओसरली नाही, तर "गोळी लागू पडत नाही" असं म्हणत दुसऱ्या दुकानात जायचं नाही. १०८ ला फोन करायचा. चक्कर येते आणि नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली आहे, तरीही डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं.

डॉक्टर रागावतील या भीतीवर मला एक उपाय सापडला आहे. स्वयंपाकघरातल्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहिता, त्याच चौकोनात लिहा. "डोकं, सकाळी ९ ते ११." "पाय सुजले, संध्याकाळी." "कळ, जिन्यावर, १ गोळी." तपासणीच्या खोलीत पाच मिनिटं मिळतात, त्यात माणूस गोंधळतो आणि "तसं बरंय" म्हणून बाहेर येतो. महिन्याचं पान फाडून समोर ठेवलं की डॉक्टर वाचतातच. सोबत सगळ्या पट्ट्या एका पिशवीत, त्यात आयुर्वेदिक चूर्ण आणि गुडघ्याच्या गोळ्याही.

औषधाचा त्रास सरकारला कळवण्याचीही सोय आहे, हे फार कमी लोकांना माहीत आहे. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, सध्या गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून. पेशंट स्वतः १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर फोन करू शकतो. ठेचा खाल्लेल्या ताईंच्या व्रणांची माहिती आम्ही दोघींनी दुकानात बसूनच कळवली.

दिवे घाटातले काका परवा आले होते. डॉक्टरांनी या वर्षी थोडं चालायला परवानगी दिली आहे, चढ मात्र गाडीने. मेटोप्रोलॉलची मात्रा कमी झाली आहे आणि दम पूर्वीएवढा निघत नाही. त्यांनी वारीच्या पूर्ण दिवसांच्या गोळ्या घेतल्या, वर चार दिवसांच्या जास्त, सगळ्या न कापलेल्या पट्ट्यांत. पिशवीची दोरी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "तीनची गोळी विसाव्याच्या आधी घेऊ की नंतर, वहिनी?"

"घड्याळात तीन वाजले की," मी म्हटलं.